१९ डिसेंबर १९६१, लिस्बन

उंबरठा

१९ डिसेंबर १९६१ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते, गोवा मुक्त झाला. आमच्या शाळेत हा प्रश्न एका मार्काला हमखास असायचा. त्याच दिवशी संध्याकाळी लिस्बनमध्ये काय झालं, हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

लिस्बनच्या अल्कांतरा भागात, बंदराजवळच्या एका गल्लीत, पोर्तुगालच्या राजकीय पोलिसांनी एका माणसाला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. त्याचं नाव जोझे दियाश कोएल्यो, वय ३८, पेशाने शिल्पकार. बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षासाठी तो खोटे कागद बनवायचा: ओळखपत्रं, परवाने, शिक्के. शिल्पकाराचा हात, त्यामुळे काम चोख. त्याची जोडीदार मार्गारिदा तेंगारिन्या हीसुद्धा चित्रकार, तीही त्याच कामात. सकाळी पणजीत पोर्तुगालचा झेंडा उतरला आणि रात्र पडायच्या आत लिस्बनमध्ये पोर्तुगालचाच एक माणूस पोर्तुगालच्याच पोलिसांनी मारला. आज त्या गल्लीला त्याचं नाव आहे.

हे मला कळलं ते अल्जूबमध्ये. ऑफिसच्या कामाने दोन आठवडे लिस्बनला होतो. रविवारी २८ नंबरच्या ट्रामने कॅथेड्रलपाशी उतरलो, तर वरच्या अंगाला एक करडी इमारत. पूर्वी तुरुंग, आता संग्रहालय. 'अल्जूब' हा मूळ अरबी शब्द, अर्थ विहीर. आत एकांतकोठड्या आहेत, एक माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या. त्यांना कैद्यांनी नाव ठेवलं होतं 'कुरुश'. झुंजीआधी बैलाला कोंडतात ते खुराडं म्हणजे कुरु. मी आत उभा राहून हात पसरले, दोन्ही कोपरं भिंतींना टेकली.

आपल्या बोलण्यात 'पोर्तुगीज' म्हणजे एकजिनसी गोळा असतो. त्यातल्या त्यात सालाझारचं नाव माहीत असतं. पण हा माणूस स्वतःच्या देशातही हुकूमशहाच होता. १९२६ च्या लष्करी उठावापासून १९७४ पर्यंत, म्हणजे ४८ वर्षं, तिथे ही राजवट चालली. आणि त्या ४८ वर्षांत तिच्याविरुद्ध कोणी ना कोणी काही ना काही करतच होतं. १९३४ मध्ये मारिन्या ग्रांदे गावच्या काचकामगारांनी गाव ताब्यात घेतलं, काही तासांपुरतं. १९३६ मध्ये तेजो नदीत नौसैनिकांनी बंड केलं. ४ जुलै १९३७ ला सालाझार एका मित्राच्या घरच्या प्रार्थनाघरात मिस्साला चालला असताना रस्त्याखाली बॉम्ब फुटला. त्याला खरचटलंही नाही. कपड्यांवरची धूळ झटकून तो मिस्साला गेला.

तर धागा काढण्याचं कारण असं. गोव्याच्या तुरुंगांबद्दल आपल्याकडे थोडंफार लिहिलं गेलंय. पण तिकडे त्यांच्याच घरात जे लढत होते त्यांच्याबद्दल मराठीत मला फारसं सापडलं नाही. कोणाकडे माहिती, घरच्या आठवणी असतील तर लिहा. उच्चारांत चुका असतील, चुभुद्याघ्या.

पावशेर

वाचनखूण साठवली. निवांत वाचणार.

हिशेबी काका

लेख चांगला आहे, पण शीर्षस्थानी एक शंका. सालाझार हुकूमशहा होता हे मान्य. पण कोइम्ब्रा विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक, १९२८ ला अर्थमंत्री झाला आणि वर्षभरात तुटीचं अंदाजपत्रक शिलकीत आणलं. दुसऱ्या महायुद्धात देश उतरू दिला नाही. साधा राहायचा, लग्न केलं नाही. त्याला हिटलर-मुसोलिनीच्या पंगतीत बसवणं मला पटत नाही. अभ्यासकसुद्धा याबाबत एकमताचे नाहीत. त्याला गर्दी आवडत नसे, भाषणबाजी आवडत नसे. फॅसिस्टांना गर्दीच लागते.

उंबरठा

काका, गर्दीचा मुद्दा बरोबर आहे, वाद तिथेच आहे. पण १९३६ मध्ये त्याने पोरांसाठी जी संघटना काढली तिच्या पट्ट्याच्या बक्कलवर इंग्रजी एस हे अक्षर होतं आणि पोरं हात पुढे करून रोमन सलाम ठोकत. टेबलावर मुसोलिनीचा फोटो असे. मे १९४५ मध्ये हिटलर मेल्यावर तटस्थ पोर्तुगालने झेंडे अर्ध्यावर उतरवले. शिलकी अंदाजपत्रकाबद्दल म्हणाल तर १९७० साली त्या देशात सुमारे चौथाई लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शिल्लक कुठून पडली ते त्यात आलं.

हिशेबी काका

बक्कलचं माहीत नव्हतं. नोंद घेतली. वाद चालू ठेवतो, पण आज नाही. नातवाला क्लासला सोडायचंय.

फोंडेकरीण

हा धागा मला कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, म्हणून खूप दिवसांनी लॉगिन केलं. माझे आजोबा (आईचे वडील) आग्वादच्या तुरुंगात दोन वर्षं होते. आमच्या घरी सालाझारच्या राजकीय पोलिसांना, म्हणजे 'पीदे'ला, सगळे 'पीडा' म्हणत. "पीडा आली रे" म्हटलं की आजी पाटावरचे कागद चुलीत घालायची. मला लहानपणी ती कोणी भूतबाधा वाटायची.

उंबरठा, तुमचं 'एकजिनसी गोळा' वाचलं आणि आजोबांचं एक वाक्य आठवलं. ते म्हणायचे की मला मारणारा गोंयकार होता आणि पाणी देणारा पाखलो. पाखलो म्हणजे गोरा पोर्तुगीज शिपाई. तो लिस्बनजवळच्या कुठल्याशा गावचा पोरगा होता, सक्तीच्या भरतीत आलेला, रात्री कोठडीच्या गजापाशी बसून रडायचा म्हणे.

आणि मारणारा गोंयकार म्हटलं की आमच्या पिढीच्याही अंगावर काटा येतो. कासिमिरो मोंतेरो. गोव्यातच जन्मलेला. 'एजंट मोंतेरो' म्हणून त्याची दहशत होती. पन्नाशीच्या दशकात स्वातंत्र्यसैनिकांना त्याने कसं छळलं त्याच्या गोष्टी फोंड्यात, म्हापशात घरोघरी मिळतील. गोवा सुटल्यावर तो गेला पोर्तुगालला. पुढचं मला तुमच्याकडून ऐकायचंय, कारण आजोबा एवढंच म्हणायचे की "मागीर ताणें जनरलाक मारलो".

उंबरठा

ताई, काटा माझ्याही अंगावर आला. अल्जूबमध्ये हे नाव वाचलं होतं, पण हा आपल्याकडचा तोच मोंतेरो हे डोक्यातच आलं नाही!

जनरल म्हणजे हुंबेर्तो देल्गादो. हा गडी मूळचा राजवटीचाच माणूस, हवाई दलातला जनरल. १९५८ ला राष्ट्राध्यक्षपदाला विरोधी उमेदवार म्हणून उभा राहिला. १० मे रोजी लिस्बनच्या एका कॅफेत पत्रकारांनी विचारलं, निवडून आलात तर सालाझारचं काय करणार? हा म्हणाला, "अर्थातच, काढून टाकीन." तीस वर्षांत हे वाक्य चारचौघांत कोणी उच्चारलं नव्हतं. पोर्तोमध्ये त्याच्यासाठी रस्ते भरून माणसं आली. मोजणी सरकारची, तरी त्याच्या नावावर चौथाईच्या आसपास मतं दाखवावी लागली. सालाझारने धडा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द करून टाकली.

देल्गादो परदेशात गेला. १३ फेब्रुवारी १९६५ ला विरोधकांची बैठक आहे असं सांगून पीदेने त्याला स्पेनच्या हद्दीत सीमेजवळ बोलावलं. तिथे त्याचा आणि त्याची ब्राझिलियन सेक्रेटरी आराजारिर काम्पुश हिचा खून झाला. देल्गादोवर गोळ्या झाडणारा कासिमिरो मोंतेरो. लोकशाही आल्यावर कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, पण तोवर तो दक्षिण आफ्रिकेत पोचला होता. हाताला लागला नाही.

कोथिंबीर

बाप रे. म्हणजे फोंड्यात हात साफ केला आणि स्पेनच्या सीमेवर वापरला.

त्रिज्या

गणितवाल्यांची बाजू कोणी मांडणार नाही म्हणून मी मांडते. पोर्तुगालच्या गणिताचं सालाझारने जेवढं वाटोळं केलं तेवढं क्वचितच कुठे झालं असेल. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये विरोधकांना थोडी मोकळीक मिळेल असं वाटलं, लोकशाहीची मागणी करणाऱ्या निवेदनावर हजारोंनी सह्या केल्या. मग पोलिसांनी त्या सह्यांच्या याद्याच तपासायला मागवल्या! आयती यादी मिळाली. प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. बेंतो दे जेझुश कारासा हा गणितज्ञ, सामान्य माणसासाठी स्वस्त विज्ञानपुस्तकांची माला चालवायचा, त्याला १९४६ ला काढलं. दोन वर्षांत गेला बिचारा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पोर्तो विद्यापीठाचा रुय लुईश गोमेश. हाही गणितज्ञ, यालाही नोकरीवरून काढलेलं. १९५१ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तर उमेदवारीच बाद केली. १९५४ मध्ये याने, व्हर्जिनिया मोउरा नावाच्या स्थापत्य अभियंता बाईंनी आणि आणखी काही साथीदारांनी एक पत्रक काढलं. मागणी काय, तर गोवा-दमण-दीवबद्दल भारताशी वाटाघाटी करा. बस, एवढंच. पोलिसांनी सगळ्यांना उचललं. आरोप देशद्रोहाचा.

मी गोमेशचं नाव गणितामुळे ओळखत होते. गोव्यासाठी तो तुरुंगात गेला हे कळलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून गच्चीत जाऊन उभी राहिले. आपल्याकडे कुठे एका चौकाला तरी त्याचं नाव असावं की नाही?

फोंडेकरीण

असावं. मी हे नाव आज पहिल्यांदा ऐकतेय, आणि माझं माहेर स्वातंत्र्यसैनिकाचं.

पावशेर

निवांत वाचणार म्हटलं होतं, पण मध्येच बोलायला आलो. एक गोष्ट गोड मानून घेऊ नये. त्रिज्याताईंचे गोमेश आणि मोउरा हा अपवाद होता. पोर्तुगालचे बरेचसे विरोधक सालाझारच्या विरोधात होते, साम्राज्याच्या नाही. १९४९ ला विरोधकांनी उमेदवार म्हणून उभा केला तो नॉर्टन दे मातोश, हा अंगोलाचा माजी गव्हर्नर! देल्गादोचंही तेच, त्याला सालाझार नको होता, वसाहती सोडायची घाई त्याला नव्हती. कम्युनिस्टांनी वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क सरळसरळ मान्य केला तो १९५७ च्या अधिवेशनात. आग्वादमध्ये लोक खितपत होते तेव्हा लिस्बनचा लोकशाहीवादी कॅफेत बसून 'आमची इंडिया' म्हणत असण्याची शक्यता भरपूर. उगाच गळ्यात गळे नकोत.

उंबरठा

पावशेर, लिहिताना मीही वाहवत गेलो असेन. पण तुरुंग मात्र तेच होते. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना १९४६ च्या आंदोलनानंतर आठ वर्षांची शिक्षा देऊन पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. पुरुषोत्तम काकोडकर (अनिल काकोडकरांचे वडील), डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही तिकडेच धाडलं. समुद्रात घुसलेल्या खडकावरचा किल्ला, लिस्बनच्या उत्तरेला. मी गेलो होतो तिथे. आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. भेटीची खोली जशीच्या तशी ठेवली आहे. मध्ये काच, इकडे कैदी, तिकडे घरचे, आणि ऐकायला पहारेकरी. वाऱ्याने टोपी उडेल असा वारा. कोकणातल्या माणसाला समुद्र ओळखीचा वाटेल, पण ती थंडी नाही वाटणार. कुन्या सुटल्यावरही त्यांना देश सोडायची मुभा नव्हती. १९५३ मध्ये निसटले, पॅरिसमार्गे मुंबईला आले.

आणि त्याच पेनिशमधून ३ जानेवारी १९६० ला कम्युनिस्टांचा नेता आल्व्हारो कुन्याल आणि आणखी नऊजण पळाले. आतल्या पहारेकऱ्याला क्लोरोफॉर्म दिलं. बाहेरचा एक शिपाई फितवलेला होता, त्याने एकेकाला आपल्या मोठ्या झग्याखाली झाकून तटापर्यंत नेलं. पुढे चादरी बांधून उतरले. त्या शिपायालाही मग देश सोडावा लागला.

हिशेबी काका

नातू क्लासला गेला. झग्याखाली दहाजण, एकेक करून? आमच्या शिवाजी महाराजांचे पेटारे आठवले.

पावशेर

काका आले लाईनवर.

दगडी चाळ

मला वाटतं १९६१ हे एकच साल घ्या, त्याच्यावर वेगळा धागा होईल. सालाझारची साडेसाती म्हणतात ती हीच. जानेवारीत कॅप्टन एन्रिके गाल्व्हाँवने सांता मारिया नावाचं आख्खं प्रवासी जहाज पळवलं, सहाशेच्या आसपास उतारूंसकट. जगभरचे पत्रकार त्यामागे. शेवटी ब्राझीलच्या रेसिफे बंदरात प्रकरण मिटलं. एक अधिकारी त्यात जिवानिशी गेला, हेही सांगायला हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोला पेटलं. एप्रिलमध्ये खुद्द संरक्षणमंत्री बोतेल्यो मोनीश याने सालाझारला हटवायचा घाट घातला आणि फसला. नोव्हेंबरमध्ये पाल्मा इनासियो आणि साथीदारांनी कासाब्लांकाहून येणारं विमान ताब्यात घेतलं, लिस्बनवरून खाली आणून पत्रकं उधळली आणि परत मोरोक्कोला गेले.

आणि ४ डिसेंबर! लिस्बनजवळचा काशियशचा तुरुंग. आंतोनियो तेरेझो हा कैदी दीड वर्षाहून जास्त काळ पोलिसांना मिळाल्याचं सोंग करत होता. त्याचे मित्र त्याच्यावर थुंकायचे. बहुतेकांना सोंग आहे हे माहीतच नव्हतं. गाड्यांचं काम येत होतं म्हणून पोलिसांनी त्याला गॅरेजमध्ये लावलं. तिथे उभी होती चिलखती क्रायस्लर. सदतीसच्या बॉम्बनंतर सालाझारसाठी घेतलेली. तेरेझोने ती चालू केली, आवारातले सातजण आत कोंबले आणि फाटक तोडून बाहेर. मागून गोळ्या झाडल्या, पण गाडी सालाझारला वाचवण्यासाठी बनवलेली, गोळीला दाद देईना.

गोव्यात भारतीय फौजा शिरायच्या दोन आठवडे आधीची ही गोष्ट. मोहन रानड्यांना १९६० साली ज्या काशियशला नेलं, तोच हा किल्ला.

कोथिंबीर

दीड वर्ष मित्रांच्या शिव्या खायच्या, आणि कोणाला सांगायचं नाही. मला गाडीपेक्षा ते जड वाटतंय.

फोंडेकरीण

रानडे आमच्याकडे मास्तर म्हणून आले होते. म्हणजे सांगलीचे मनोहर आपटे, गोव्यात नाव बदलून शाळा शिकवायला. १९५५ ला पकडले गेले, २६ वर्षांची सजा. गोवा सुटला, बाकीचे सुटले, हे तिकडेच. जानेवारी १९६९ ला आले. सुधीर फडक्यांनी सुटकेसाठी समिती काढून जंग जंग पछाडलं, अण्णादुराईंनी पोपना गाठलं.

सेनकाठ

पॅरिसहून लिहितो. आमच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या बाई पोर्तुगीज आहेत, सत्तरी पार. पॅरिसमध्ये निम्म्या इमारतींच्या जिन्याखाली पोर्तुगीज बाई राहते असं गमतीने म्हणतात. त्यांचा नवरा १९६६ ला सैन्यातून पळाला. अंगोला, गिनी, मोझांबिक अशी तीन युद्धं चालू होती आणि गावातल्या प्रत्येक पोराला जावं लागायचं. ज्यांना जायचं नव्हतं ते डोंगरातून स्पेन ओलांडून फ्रान्सला यायचे. त्याला त्यांच्या भाषेत 'उडी मारून' जाणं म्हणतात.

परवा चहा घेताना त्यांनी मला एक फोटो दाखवला. पासपोर्टच्या आकाराचा, मधोमध फाडलेला आणि मागून चिकटपट्टीने जोडलेला. निघताना माणूस स्वतःचा फोटो फाडायचा. अर्धा घरी, अर्धा खिशात. वाटाड्याचे पैसे घरच्यांकडे. फ्रान्सला सुखरूप पोचल्यावर खिशातला अर्धा तुकडा वाटाड्याकडे द्यायचा, त्याने तो गावी जाऊन दाखवायचा, तुकडे जुळले की पैसे मिळायचे. बाईंच्या सासूने अकरा आठवडे अर्धा फोटो पदराच्या गाठीला... म्हणजे त्यांच्याकडे पदर नसतो, एप्रनच्या खिशात, पण तुम्हाला कळलं.

हा माणूस पुढे शांपिन्यीच्या झोपडपट्टीत चिखलात राहिला, गवंडीकाम केलं. याला प्रतिकार म्हणायचं का? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कसला प्रतिकार, त्याला बंदूक नको होती."

त्रिज्या

हे वाचून मला थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

कोथिंबीर

सगळीकडे जनरल, कॅप्टन आणि गाड्या. घरांतल्या बायकांचं काय? उंबरठा, ते मार्गारिदाचं नुसतं नाव घेऊन पुढे गेलात, परत या.

उंबरठा

बरोबर पकडलंत. खरं तर अल्जूबमध्ये मी सर्वांत जास्त वेळ थांबलो ते याच दालनात.

'अव्हांते' हे कम्युनिस्टांचं गुप्त वर्तमानपत्र १९४१ पासून १९७४ पर्यंत देशातच छापलं जात होतं. पातळ कागद, बारीक टाईप, घडी घातली की मुठीत मावेल. छपाई व्हायची साध्या भाड्याच्या घरांत. शेजाऱ्यांच्या लेखी तिथे एक नवराबायको राहतात, नवरा फिरतीवर असतो. बाई घर सांभाळते, म्हणजे पहारा ठेवते. खुणेची कुंडी किंवा फडकं खिडकीत लावते, धोका वाटला की काढते. छपाईचे खिळे जुळवते. रात्री अनोळखी माणूस आला तर जेवायला वाढते आणि त्याचं नाव विचारत नाही. दर काही महिन्यांनी घर बदल, नाव बदल. पोरांना शाळेत घालता येत नाही, कारण शाळेत नाव सांगावं लागतं. मार्गारिदा आणि कोएल्यो यांना मुली होत्या. आईवडील शिक्के कोरतायत आणि पोरींनी शेजारी काय बोलायचं नाही ते शिकायचं.

या बायकांना पक्षात बराच काळ 'घरातल्या सोबतिणी' एवढंच स्थान. कमिटीत क्वचित. त्यांच्यासाठी एक वेगळं छोटं गुप्त पत्रकही निघायचं, कारण वर्षानुवर्षं चार भिंतींत, कोणाशी मोकळं बोलायचं नाही. पकडल्या गेल्या की मात्र भेदभाव नाही. झोपू न देणं, 'पुतळा' करून दिवसेंदिवस उभं ठेवणं, सगळं सारखं.

दगडी चाळ

आणि उघड्यावरच्या बायका? कातारिना एउफेमिया. आलेंतेजू, म्हणजे मोठ्या जमीनदारांचा, गव्हाचा कोरडा मुलूख. १९ मे १९५४ ला बालेझांव गावात कापणीच्या मजुरीत वाढ मागायला मजूरबाया निघाल्या. ही पुढे, २६ वर्षांची, तीन पोरांची आई, कडेवर तान्हं. गार्डच्या लेफ्टनंटने तीन गोळ्या घातल्या.

नवा_भिडू

उत्तम चर्चा. पण खरा प्रश्न कोणीच विचारत नाहीये. आज आपल्याकडे जे चाललंय ते बघता

संपादक

प्रतिसाद अर्धाच ठेवला आहे. इथून पुढे गाडी कुठे जाणार हे अनुभवाने माहीत आहे. चालू राजकारणासाठी वेगळं दालन आहे, दोन्ही बाजूंचे लोक तिथे तुमची वाटच पाहतायत. हा धागा पोर्तुगालवर राहू द्या.

पावशेर

संपादकांनीही बातम्या कापायला निळी पेन्सिल घेतली म्हणायची. (सालाझारच्या सेन्सॉरची खूण निळी पेन्सिल होती. हलकं घ्या.)

संपादक

घेतलं. पेन्सिल लाल आहे.

हिशेबी काका

मला एक सांगा. एवढी जहाजं, विमानं, बंडं, चादरी. तरी ४८ वर्षं? सालाझार शेवटी पडला तो खुर्चीवरून, ऑगस्ट १९६८ मध्ये. डोक्याला मार लागला, म्हणून मार्सेलो कायतानोला आणला. १९७० ला मरेपर्यंत सालाझारला कोणी सांगितलंच नाही की तू आता पंतप्रधान नाहीस, आजूबाजूचे नाटक करत राहिले. मग या सगळ्या प्रतिकाराने साधलं काय? राजवट पाडली ती सैन्याने.

पावशेर

काका, पाडली सैन्याने हे खरं, पण सैन्य का उलटलं? तेरा वर्षं तीन आघाड्यांवरचं युद्ध. आणि तिथे आपला गोवा येतो. १४ डिसेंबर १९६१ ला सालाझारने गव्हर्नर व्हासालो ई सिल्व्हाला तार पाठवली, की पोर्तुगीज सैनिक एक तर जिंकतील नाहीतर मरतील, शरणागती मला दिसत नाही. साडेतीन हजाराच्या आतबाहेर माणसं, विमानं नाहीत, समोर भारताचं लष्कर. व्हासालोने माणसं मारायला नकार दिला आणि शरण गेला. ते कैदी १९६२ मध्ये घरी परतले तेव्हा गुन्हेगारासारखं स्वागत. व्हासालोला सैन्यातून हाकललं. अधिकाऱ्यांनी हे पाहून ठेवलं: राजकारण याचं, फसलं की बळी आमचा. पुढे आफ्रिकेत तेच होणार हे त्यांना दिसत होतं. १९७४ ला राजवट उलथवणाऱ्या कप्तानांच्या बंडाचं ते एकमेव कारण नाही, पण एक मूळ मांडवीच्या काठाला आहे.

आणि हे कप्तान कोणाच्या हाताखाली होते? वरून आलेल्या जनरलांच्या. पण त्यांच्या हाताखाली कोण होतं? युद्ध ताणलं तसं सक्तीने उचललेले विद्यार्थी अधिकारी म्हणून यायला लागले. १९६२ ला लिस्बनमध्ये संप केलेले, १९६९ ला कोइम्ब्रात राष्ट्राध्यक्ष तोमाशसमोर उभं राहून "मला बोलायचंय" म्हणणाऱ्या पोराचे वर्गमित्र. छावणीत रात्री तेच बोलायचे. तुमच्या मुठीत मावणाऱ्या वर्तमानपत्राचा हिशेब तिथे लागतो.

हिशेबी काका

हां. हे पटलं.

दगडी चाळ

२५ एप्रिल १९७४ बद्दल कोणी लिहिणार नसेल तर थोडक्यात लिहितो, कारण फुलांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मध्यरात्रीनंतर रेडिओवर ठरलेलं गाणं लागलं, रणगाडे निघाले. सांतारेंहून सालगेरो मायाची तुकडी लिस्बनमध्ये शिरताना लाल सिग्नलला थांबली. राजवट उलथवायला निघालेत आणि सिग्नल पाळतायत! सेलेश्ते कायरो नावाची हॉटेलात काम करणारी बाई. हॉटेलचा वर्धापनदिन, तो रद्द झाला म्हणून मालकाने फुलं घरी न्यायला सांगितली. रस्त्यात शिपायाने सिगारेट मागितली, तिच्याकडे नव्हती, तिने कार्नेशन दिलं.

पण रक्त अजिबात सांडलं नाही हे चूक. पीदेच्या मुख्यालयातून जमावावर गोळीबार झाला, चारजण मेले. आणि राजकीय कैदी लगेच सुटले नाहीत. नवे सत्ताधारी काहींना ठेवून घ्यायला बघत होते. काशियशच्या कैद्यांनी सांगितलं, सगळे किंवा कोणीच नाही. २६ च्या रात्री उशिरा दारं उघडली.

उंबरठा

आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. सही करणारे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेश. पीदेने बारा वेळा आत टाकलेला, साओ तोमे बेटावर हद्दपार केलेला माणूस. देल्गादोच्या खुनानंतर त्याच्या घरच्यांचा वकील तोच होता. म्हणजे फोंडेकरीणताई, तुमच्या एजंट मोंतेरोच्या मागे लागलेला वकील गोव्याच्या कागदावर सही करून गेला.

फोंडेकरीण

आजोबा असते तर मी आत्ता फोन केला असता.

काल रात्री झोप आली नाही म्हणून माळ्यावरची आजीची ट्रंक काढली. तुमची निळी पेन्सिल डोक्यात होती. त्या काळात गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागे, असं आजी सांगायची. मला ते वाढवून सांगितलेलं वाटायचं. ट्रंकेत तिची स्वतःची पत्रिका मिळाली, १९५३ ची. वर श्रीगणेशाय नमः, खाली कुलदैवत, मग मुहूर्त. कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का आणि कोणाचीतरी तिरकी सही. 'आपले नम्र'च्या खाली घरच्या मोठ्यांची नावं आहेत, त्यात एका नावावर काट मारलीय. माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव. तो तेव्हा आत होता.

कागदाला कसर लागलीय, घडीवर फाटत चाललाय. काय करू? मुलगा म्हणतो लॅमिनेट करून घेऊ.

त्रिज्या

लॅमिनेट अजिबात नको! गरम प्लास्टिकने शाई जाते आणि परत काढता येत नाही. घडी उघडून सपाट ठेवा, दोन्ही बाजूंनी आम्लविरहित कागद, वर पुठ्ठा. डांबरगोळी नको. आधी दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शिक्क्याचा जवळून वेगळा.

फोंडेकरीण

बरं. उद्या सकाळी गॅलरीत काढते, आत्ता इथे पाऊस आहे.